आधी धावून ये, मग हात लाव

फोन आला तेव्हा मी ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होते. मनीषाचं नाव दिसलं आणि मला आनंदच झाला. डॉक्टर मनीषा, शिरूरकडच्या बागायतदाराची धिप्पाड पोरगी, पुण्याच्या एका मोठ्या रुग्णालयात सर्जन व्हायचं शिक्षण घेतेय. तिला छळणं हा माझा महिन्यातून एकदा मिळणारा विरंगुळा. गुरुवारी सकाळी सकाळी तिचा फोन, म्हणजे पुढच्या खेपेच्या जेवणाचा बेत विचारायला, असं मी धरूनच चालले. "काय गं, आज कुणाचा ठोका मोजलास? पेशंटचा का स्वतःचाच?" मी सुरू झाले. "आणि ऐक, या खेपेला मासवडी मिळायची न्हाई. मागच्या वेळी निम्मं ताट तू एकटीनं संपवलंस, बाकीचे डॉक्टर रश्शात भाकरी बुडवून गेले बिचारे..." मी आणखी दोन टोमणे हाणले. मग ती म्हणाली, "आजी, जरा थांबा ना." आवाज तिचा वाटेना. "हमीदा मॅडम गेल्या. सकाळी. दौंडला, घरीच. चहा घेतला, जरा पडते म्हणाल्या... आणि उठल्याच न्हाईत."

मी फोन ठेवला आणि राहिलेल्या शेंगा फोडत बसले. सगळ्या फोडल्या. मग उठले, सूप पाखडलं, डबा भरला, टरफलं उकिरड्यावर टाकून आले. संध्याकाळी सुनेनं आमटीसाठी डबा उघडला तर आत टरफलं. दाणे मी उकिरड्यावर टाकले होते. या गोष्टीला आता काही आठवडे झाले, पण माझं डोकं अजून तिथंच आहे, डबा उघडा आणि आत टरफलं. कारण रविवारी हमीदा माझ्याकडं येणार होती. एकटी येणार होती. माझ्या डाव्या पायाबद्दल तिला मला काहीतरी सांगायचं होतं, आणि ते न सांगताच ती गेली.

हमीदा माझी दौंडच्या रेल्वे कॉलनीतली मैत्रीण. आमची क्वार्टर्स पाठीला पाठ लावून होती. माझे वडील पार्सल ऑफिसात कारकून, तिचे अब्बा गाड्यांची चाकं तपासायचे. गाडी फलाटाला लागली की लांब दांड्याची हातोडी घेऊन डब्याडब्याशी वाकायचे, प्रत्येक चाकाला एक टोला द्यायचे आणि कान लावून पुढं जायचे. चाक धड असेल तर घंटेसारखं वाजतं, तडा गेला असेल तर बसकं. हे मला फार उशिरा कळलं. तोवर माझी समजूत अशी की हमीदाच्या अब्बांचा चाकांवर काहीतरी राग आहे आणि रेल्वे त्यांना तो काढायचा पगार देते. मी हे वर्गात सगळ्यांना पटवूनही दिलं होतं. हमीदानं मला खोटं पाडलं नाही, नुसती हसली. मी जे ठासून सांगायचे ते बहुतेक चुकीचं असायचं आणि ती जे गप्प राहून ऐकायची ते बरोबर असायचं, ही वाटणी तेव्हापासूनची.

डॉक्टर मी होणार होते, हेही लिहून ठेवते. ती नव्हे, मी. वडिलांचा जुना पांढरा शर्ट गुडघ्यापर्यंत घालून, सायकलची ट्यूब आणि तेल ओतायचं नरसाळं जोडून केलेली नळी गळ्यात अडकवून मी अख्ख्या कॉलनीची छाती तपासत हिंडायचे आणि पेशंटला न विचारता इंजेक्शन सांगायचे. पुढं अकरावीत बेडूक कापायचा दिवस आला. माझ्या ट्रेमधल्या बेडकानं एक तंगडी हलवली आणि भावी डॉक्टरीणबाई टेबलाखाली गेल्या. शुद्धीवर आले तर हमीदा एका हातानं माझ्या तोंडावर वहीनं वारा घालत होती आणि दुसऱ्या हातानं माझा बेडूक उघडून ठेवत होती. "सुमे, बघ," ती म्हणाली, "हृदय अजून चालू आहे." मी परत टेबलाखाली गेले. ती मेडिकलला गेली, मी शिक्षिका झाले आणि वडगाव रासाईच्या घरात सून म्हणून आले. लग्न तिनं केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणायची, "वेळ होता तेव्हा स्थळ नव्हतं, स्थळ आलं तेव्हा ऑपरेशन होतं."

ती रक्तवाहिन्यांची सर्जन झाली. पण तिचं खरं वेड शस्त्रक्रियेचं नव्हतं. कापायच्या आधी, सुई न टोचता, बाहेरून, पायातलं रक्त नेमकं कुठं अडलंय ते ओळखायचं, आणि शिकाऊ सर्जनांना ते ओळखायला शिकवायचं, हे तिचं वेड. साधनं तशी साधी. आधी स्वतःची बोटं. मग पेनाएवढा डॉपलर, जो कातडीवर टेकवला की आतलं रक्त वाहताना ऐकू येतं. आणि बीपीचा पट्टा, दंडालाही आणि घोट्यालाही. घोट्याचा आकडा दंडाच्या बरोबरीला असला तर ठीक, बराच खाली गेला तर वाटेत कुठंतरी वाहिनी अरुंद झालीय. मोठं यंत्रही होतं, पडद्यावर लाल-निळं दाखवणारं. पण शिकवताना ती त्या पडद्यावर ऑपरेशनचं हिरवं फडकं टाकायची. "आधी ऐका. पडदा बघितला की कान झोपतात." निरोगी पायाचा आवाज ती कसा सांगायची ते मला पाठ आहे. "दार धाडकन उघडतं, जरा उलटं येतं, आणि मग कडी हलते. तीन आवाज. वाहिनी आजारी झाली की आधी कडी गप्प होते. मग दारही वाजेनासं होतं. शेवटी नुसता वारा."

निरोगी आवाज शिकवायला निरोगी पाय लागतात. तिथं माझी नेमणूक झाली. पन्नाशीत होते तेव्हा मी. तिनं एकदा गंमत म्हणून माझे पाय ऐकले आणि म्हणाली, "सुमे, तुझ्या पायांना नाव ठेवायला जागा नाही गं. पुण्याला ये, माझ्या पोरांना दाखवायचेत." आता माझ्या पायांबद्दल माझं मत आधीच बरं होतं. लग्नात सासूबाई माझे पाय बघून "लक्ष्मीची पावलं" म्हणाल्या होत्या, ते मी डोक्यात पक्कं धरून ठेवलेलं. त्यामुळं मी अर्थ घेतला तो दिसण्याचा. पुण्याला जायच्या आदल्या दिवशी टाचा घासल्या, नवे पैंजण घातले आणि धाकट्या जावेकडून लालभडक नेलपॉलिश लावून घेतलं. सोलापूर रस्त्यावरच्या यष्टीत अख्ख्या वाटेनं पाय बाकाखाली न घेता पुढं काढून बसले. तिथं पलंगावर आडवी झाले, चार-पाच शिकाऊ डॉक्टर भोवती उभे राहिले, हमीदानं पैंजण काढून टेबलावर ठेवले, डॉपलर टेकवला, आणि एकजात सगळे छताकडं बघायला लागले. ऐकताना माणूस वर बघतो. माझ्या नखांकडं एकानंही बघितलं नाही. एक मुलगा तर डोळे मिटून होता. परत निघताना हमीदा माझ्या बोटांकडं बघत म्हणाली, "रंग छान आहे हं." एवढंच. पण नंतर कैक वर्षं, मी दिसले की तिच्या ओठांचा एक कोपरा हलायचा आणि मला कळायचं की तिला ती नखं आठवताहेत.

निवृत्त झाल्यावर ती दौंडला अब्बांच्या घरी, भाऊ-भावजयीजवळ राहायला आली. पण शिकवणं काही सुटेना. महिन्यातल्या एका रविवारी पुण्याहून दोन-तीन शिकाऊ डॉक्टर डेमू गाडीनं दौंडला यायचे, तिथून तिच्याबरोबर जीपमधून भीमा ओलांडून आमच्या वडगावला. आमच्या पडवीत दोन बाजा टाकल्या की झाला दवाखाना. साखर असलेले, बिड्या ओढणारे, चालताना पोटरी भरून येते म्हणणारे, बोटाला जखम होऊन भरत नाही म्हणणारे, असे पाय यायचे. पुण्याच्या वॉर्डात हे पाय येतात तेव्हा बहुतेक काळे पडलेले असतात, असं ती म्हणायची. पोरांनी ते त्याच्या आधी ऐकावेत म्हणून हा खटाटोप. माझं काम चहा-जेवणाचं, आणि जेलची बाटली सकाळी पायरीवर उन्हात ठेवायचं. डॉपलरला लागणारं ते जेल थंडगार असलं की म्हातारी माणसं दचकतात, पाय आखडून घेतात. बाटली उन्हात तापलेली लागायची तिला. जीपमधून उतरली की नमस्कार-चमत्काराच्या आधी बाटलीला हात लावून बघायची.

आणि पोरांना पळवायची. हे गावाला फार आवडायचं. आमच्या अंगणात पाण्याची सिमेंटची टाकी आहे, तिच्याभोवती डॉक्टर लोकांनी पळायचं, धाप लागेपर्यंत, आणि मग येऊन पेशंटच्या पायाला बोटं लावायची. मनीषा पहिल्यांदा आली तेव्हा तिला हे सगळं पोरकट वाटलं. पायांत चांगले बूट होते, अंगण शेणानं सारवलेलं, ती पळाली नाही. हमीदानं तिला तशीच बाजेकडं पाठवलं. बाजेवर दत्तूआप्पा होते, आमच्या गल्लीतले, जन्मभर बिडी ओढलेले. मनीषानं त्यांच्या पावलावर बोटं रोवली आणि लगेच म्हणाली, "लागतोय मॅडम. चांगला लागतोय."

"मोज. मोठ्यानं," हमीदा म्हणाली आणि तिनं स्वतः आप्पांचं मनगट धरलं.

मनीषा मोजायला लागली. तिचे आकडे भराभर पुढं गेले. हमीदा आप्पांच्या मनगटाचा ठोका दुसऱ्या हातानं बाजेच्या लाकडावर वाजवत होती, तो सावकाश. एक आगगाडी, एक बैलगाडी. आम्हा सगळ्यांना ते ऐकू येत होतं.

"हा ठोका कुणाचा आहे?" हमीदानं विचारलं.

"माझा न्हाई बा," दत्तूआप्पा म्हणाले. "माझं काय एवढ्या घाईचं काम न्हाई."

पडवी हसली. मी सगळ्यांत जास्त हसले. मनीषा कानापर्यंत लाल झाली. हमीदा मात्र हसत नव्हती. तिनं मनीषाची बोटं हातात घेतली. "बोटाच्या टोकाला आपला स्वतःचाही ठोका असतो. जोरानं दाबलं की तोच वाजतो. आणि मनात 'असावा' असं असलं की हमखास वाजतो. तू 'आहे' म्हणालीस म्हणून हे घरी गेले आणि पाय काळा करून परत आले, तर तुझा ठोका त्यांना देणार आहेस का? पळून ये. तुझा ठोका वेगळा कर, म्हणजे ह्यांचा ओळखता येईल." मनीषा बूट काढून पळाली. आप्पांच्या पावलावर काहीच नव्हतं. त्यांना त्याच आठवड्यात पुण्याला नेलं, वेळेत नेलं, आणि पाय राहिला. आप्पा अजून त्या पायावर गावभर हिंडतात आणि भेटेल त्याला सांगतात की शिरूरच्या डॉक्टरणीचा ठोका लई फास्ट. मीही मनीषाला त्या दिवसापासून सोडलं नाही. "स्वतःच्याच प्रेमात पडलेली डॉक्टर" हे नाव मीच पाडलं.

दिवसाचा शेवट नेहमी माझ्या पायांनी व्हायचा. "दिवसभर वाईट आवाज ऐकलेत," हमीदा पोरांना म्हणायची, "आता कान धुवून घ्या आणि मग घरी जा." मग मी राणीसारखी बाजेवर बसायचे, पाय पसरायचे आणि माझं दार उघडायचं, उलटं यायचं, कडी हलायची. शेवटच्या रविवारीही असंच बसले. उजवा पाय ऐकला, छान. डाव्या पायावर मनीषानं पेन टेकवला. मी तिला काहीतरी टोचून बोलत होते, काय ते आठवत नाही. आवाज आला. दार उघडलं... हुश्श. परत हुश्श. कडी वाजलीच नाही.

मनीषानं पेन जरा तिरका केला, जरा वर सरकवला. हुश्श. "मॅडम, हा आवाज..." ती म्हणाली. हमीदानं तिच्या हातावर हात ठेवला. "अजून ऐक." मग तिनं स्वतः पट्टा घेतला, दंडाला बांधला, घोट्याला बांधला, आकडे घेतले आणि कुणालाच सांगितले नाहीत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिनं पोरांना काही समजावलं नाही. पोरं सामान भरायला गेल्यावर माझ्याजवळ बसली.

"चालताना थांबतेस का गं सुमे?"

"थांबते की. गप्पा मारायला."

हे खरंच होतं. नदीकडं जाताना मी प्रत्येक उंबऱ्याशी थांबते हे गावाला माहीत आहे, ती माझी जुनी कीर्ती. एवढंच, की अलीकडं आधी पोटरी भरून यायची आणि मग गप्पा सुचायच्या. ती माझ्याकडं बघत राहिली. ती मला ओळखून होती.

"पुढच्या रविवारी येते. एकटीच. पोरं नकोत."

"आत्ता सांग ना काय ते."

"परत एकदा नीट ऐकू दे. मग सांगते." जीपमध्ये चढताना तिनं पायरीवरची रिकामी होत आलेली बाटली उचलून माझ्या हातात दिली. "ही ठेव. रविवारी उन्हात ठेवायला विसरू नकोस." ती महिन्यातून एकदा येणारी बाई पुढच्याच रविवारी एकटी येणार होती. ते चार दिवस मी माझ्या पायाला भीत होते. तिच्याबद्दल काही भ्यावं, हे डोक्यातही नव्हतं.

त्या गुरुवारी दुपारी मुलानं मला दौंडला नेलं. कसे गेलो ते आठवत नाही. घरात लोबानाच्या धुपाचा वास, अंगणात पुरुष, आतल्या खोलीत बायका. तिची भावजय शमीम उशाशी बसून हळू आवाजात पढत होती. मनीषा पुण्याहून येऊन पोचली होती आणि भिंतीला टेकून उभी होती. हमीदाच्या अंगावर पांढरी चादर. चेहरा बघितला... जरा पडलेय, उठवू नका, असा. मी तिच्या पायाशी गेले. बरोबरीची मैत्रीण, जन्मात कधी तिच्या पाया पडले नव्हते, पडू दिलंही नसतं तिनं. पण मला दुसरं काही सुचेना. वाकले, चादरीची कड बाजूला सरली, हात पावलावर गेला, आणि बोटं आपोआप त्या जागी गेली. पावलाच्या वरच्या बाजूला, अंगठ्याच्या रेषेत. एवढे रविवार मी तेच बघत आले होते.

ठोका लागला.

"आहे," मी म्हणाले. कुणी ऐकलं नाही. मी मोठ्यानं म्हणाले, "शमीम, अगं आहे. लागतोय. हे बघ, लागतोय." शमीमचं पढणं थांबलं. तिच्या हातातल्या तसबीहचे मणी थांबले. खोलीतल्या सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या, आणि मी शपथेवर सांगते, क्षणभर त्या सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. कुणीतरी दाराकडं धावलंसुद्धा.

मनीषा माझ्याशेजारी येऊन बसली. तिनं हमीदाच्या पायाला हात लावला नाही. माझं दुसरं मनगट हातात घेतलं, जरा वेळ धरून राहिली, आणि मग एका बोटानं माझ्या गुडघ्यावर ठोके द्यायला लागली. मला बोटाखाली जो लागत होता, तोच. तसाच घाईचा. एकही इकडंतिकडं नाही.

"एकच हाय, आजी," ती अगदी हळू म्हणाली.

मी हात काढला नाही. कितीतरी वेळ काढला नाही. माझ्या बोटाखाली हमीदाच्या पायात माझाच ठोका चालला होता आणि मला ते कळत होतं, तरी बोट उचलवेना. ज्या चुकीसाठी मी या पोरीला भर पडवीत हसले होते, तीच... आणि ती पोर मला हसली नाही. शेवटी शमीमनं माझा हात अलगद उचलून स्वतःच्या हातात घेतला आणि चादरीची कड नीट केली.

त्यानंतर मी पाय कुणाला दाखवला नाही. मुलगा म्हणाला, सून म्हणाली, मनीषाचे फोन आले. "पाय बरा हाय, तू तुझं बघ," मी म्हणायचे आणि विषय मासवडीवर न्यायचे. खरं सांगायचं तर भीती दोन होत्या. एक, पाय जाईल ही. ती सरळ होती. दुसरी मला माझीच समजत नव्हती. हमीदानं काय ऐकलं ते कळलं नाही तोवर तिचं माझ्याकडं एक येणं बाकी होतं. रविवार यायचा होता अजून. दुसऱ्या कुणी सांगितलं की तो रविवार होऊन जाणार होता.

गेल्या महिन्याच्या त्यांच्या ठरलेल्या रविवारी जीप दारात उभी राहिली. मी कुणाला बोलावलं नव्हतं. मनीषा उतरली, मागून आणखी दोघं. पेशंट जमलेलेच होते, त्यांना बहुतेक तिनंच निरोप धाडलेला. "मॅडम न्हाईत," ती पडवीतल्या लोकांना म्हणाली. "पण आम्ही बघतो. चालंल का?"

दत्तूआप्पा म्हणाले, "चालंल की. पन आदी पळा."

तिघंही बूट काढून टाकीभोवती पळाले. मी आत जाऊन जेलची बाटली आणली आणि पायरीवर ठेवली. दुसरं काही करायला जमेना मला. त्या दिवशी हसायला आलेली माणसंसुद्धा गप्प बसून त्यांचं पळणं बघत होती.

पेशंट संपले. मनीषा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "आजी, कान धुवायचेत."

"आज तसेच घेऊन जा."

ती माझ्या बाजेच्या कडेला टेकली. "एक सांगू का? त्या दिवशी हितनं निघाल्यावर मॅडम जीपमध्ये दौंडपर्यंत एक शब्द बोलल्या न्हाईत. मला वाटलं, माझंच कायतरी चुकलं. दोन वर्षं त्यांनी मला कधी बरोबर म्हटलं नव्हतं. 'अजून ऐक', एवढंच. स्टेशनात गाडी आली, मी चढले, तवा खिडकीशी आल्या आन् म्हणाल्या, 'तू ऐकलंस ते बरोबर होतं. मला ते चुकीचं असायला हवं होतं.' मग मागं वळून गेल्या."

मी पाय पसरले.

ती लगेच हात लावायला आली नाही. उठली आणि एकटीच परत टाकीभोवती पळत सुटली, दिवसभराच्या थकल्या पायांनी, धिप्पाड अंगानं, ओढणी कमरेला खोचून. धापा टाकत आली. "जरा दम खा गं," मी म्हणाले. "नको," ती म्हणाली, "दम लागलेलाच बरा." बरोबरच्या एका डॉक्टर पोराला तिनं माझं मनगट धरायला सांगितलं आणि माझ्या पावलावर बोटं ठेवली. हलकी. पूर्वी रोवायची, आता टेकवली. बराच वेळ शोधलं. "वरचा लागत न्हाई." मग घोट्याच्या आत, हाडामागं. तिथं थांबली, डोळे मिटले, आणि सावकाश मोजायला लागली. तिची छाती भात्यासारखी वरखाली होत होती आणि तोंडातून आकडे येत होते ते एकेक, संथ. तिकडं मनगट धरलेला पोरगा बाजेवर टिचकी मारत होता. दोन्ही बरोबर चालले होते, माझ्या म्हाताऱ्या चालीनं.

"हा तुमचा हाय, आजी," ती म्हणाली. "बारीक हाय. पण हाय."

मग पेन लावला. हुश्श. ती लपवालपवी न करता म्हणाली, "कडी न्हाई वाजत. मांडीच्या आसपास कुठंतरी अरुंद झालं असावं. पुण्याला मोठ्या मशीनवर बघू, मग कळंल."

"पाय जाईल का?"

"मॅडम काय म्हणाल्या असत्या ते मला ठाऊक न्हाई," मनीषा म्हणाली. "मी म्हणते, आत्ता जाण्यासारखं काही दिसत न्हाई. गोळ्या लागतील. रोज चालायला लागंल, दुखंपर्यंत, मग थांबायचं, मग परत चालायचं. आन् थांबलात की गप्पा मारायला थांबले असं मला सांगायचं न्हाई."

हे तिला कुणी सांगितलं असेल, मी विचारलं नाही.

उद्या पुण्याला जायचंय. तीच इमारत, तीच खोली, आणि मनीषा म्हणते पलंगही तोच आहे. तपासताना पडद्यावर हिरवं फडकं टाकणारेस ना, असं मी तिला विचारलं, तर म्हणाली, "पयल्यांदा टाकणार. ऐकून झालं की काढू." जेलची बाटली मी बरोबर न्यायला काढून ठेवलीय. त्यांच्याकडं असतेच, पण ती उन्हात ठेवलेली नसते. आत्ताच धाकटी जाऊ येऊन गेली. तीही आता साठीच्या पुढं गेलीय, हात थरथरतो. तिला म्हटलं, रंग तोच हवा, लालभडक. तिनं विचारलं नाही, का ते. बाटली पायरीवर आहे, ऊन अजून टाकीच्या अलीकडं आलेलं नाही, आणि मी पाय पसरून ओट्यावर बसलेय, नखं वाळेपर्यंत हलायचं नाही म्हणून.